गारीतलं नाव

१ ऑगस्ट १९८३, सोमवार
नळ आला नाही. गुडघा तसाच.

दुपारभर डोक्यात टिन वाजलं. धाकटी नात विजू अन् तिची ती मैत्रीण डॉली. डॉली अजनीच्या रेल्वे क्वार्टरातली, बाप इंजन चालवते, पोरगी गिटार. मधल्या खोलीत आपला माग होता तिथं बसतात. माग विकला, खड्डा राहिला. त्या खड्ड्यात पाय सोडून दोघी. माझ्या नवऱ्यानं तिथं बसून जन्मभर लुगडी विणली, त्याचा एवढा आवाज कधी नाही झाला.

कॅसेट लावली. इंग्रजी बाई. मले आधी वाटलं तिले कोणी मारून राहिलं.

"हे गाणं होय की बाळंतपण?"
विजू म्हणे, "आजी, हे रागाचं गाणं हाय. रॉक म्हणते याले."
"राग कोणावर?"
"सगळ्यांवर."

सगळ्यांवर राग म्हणजे कोणावरच नाही. असं मी म्हटलं. पोरगी बी.ए.ले आहे, मी चौथी नापास, म्हणून गप्प बसेन असं तिले वाटते.

संध्याकाळी त्या गिटारानं फ्यूज उडवला. वासुदेव कोराडीहून आला, अंगभर राख. म्हणे, "माय, वीज आम्ही बनवाची अन् आमच्याच घरी कंदील." हसला. पोरगा हसला की मले बरं वाटते, पण हसण्यापलीकडे त्याले काही येत नाही.

४ ऑगस्ट, गुरुवार
वासुदेव उमरेडले गेला होता, शकुनले पंचमीसाठी आणाले. एकटाच आला.

थोरली नात देऊन दोन वर्षं झाली. पहिली पंचमी आली, दुसरी दिवाळी नाही, आता ही पंचमी नाही. व्याही म्हणाले घरी काम आहे. अन् दुसऱ्या पॉवरलूमची मोटर कधी देता, तेही विचारलं. सहज विचारलं म्हणे. चहा पाजून विचारलं.

"चहा कोणी आणला?"
"शकुननं."
"हात पाह्यले तिचे?"
"एक पदराखाली होता, माय."
"कप कशानं दिला मग?"
"दुसऱ्यानं."
"अन् तू पिला?"

तो खाली वाकून चपला काढत बसला. शांता चुलीजवळ रडून राहिली होती. सून माझी रडण्यात हुशार. मी म्हटलं, रडणं झालं की भाकरी टाक.

(उमरेड पुरं लिहिता हात दुखते. पुढं उ. लिहीन.)

७ ऑगस्ट, रविवार
सुताच्या कांड्या भराले बसली होती. पलीकडच्या गल्लीत अजून दोन माग चालतात, त्यांच्या. कांड्या भराचा राटा फिरला की तोंड आपोआप चालते. गारी आली तोंडात. शकुनच्या लग्नात मी म्हटली होती ती.

विजू आतून धावत आली. "हे काय हाय आजी? पुन्हा म्हन."

पुन्हा म्हटली.

कोन वं बाई आलं मांडवी, मिशीले लावून लोनी?
दामोधर बुढा, भुकेचा हंडा, याले वाढू नका कोनी!

डॉलीले काही समजेना. विजूनं तिले सांगितलं: आमच्या लग्नात वराकडचे पंगतीले बसले की मुलीकडच्या बाया त्यांना शिव्या देतात, गाऊन. त्याले गारी म्हणते. ज्याले द्यायची त्याचं नाव गाण्यात घालाचं. तो समोरच जेवत असते. त्यानं रागवाचं नाही. हसाचं. अन् उठताना गाणारणीले नारळ-लुगडं द्याचं. ते नेग.

डॉली: "और गुस्सा हो गया तो?"
मी: "तर अजून शिव्या."
डॉलीनं गिटार उचलली. "आजी, ये तो असली रॉक है. तीनच सूर आहेत यात."
मी म्हटलं, तीनात आम्ही अख्खी पंगत उठवत होतो.

शकुनच्या लग्नात दामोधर, तिचा सासरा, खरंच मिशी पुसत हसला होता. नेग दिला. चांगला माणूस वाटला. पंगतीत सगळेच चांगले वाटतात.

११ ऑगस्ट, गुरुवार
विजूच्या ओळखीच्या वकीलबाई घरी आल्या. धंतोलीच्या. कोणती सून जळली, कोणती विहिरीत गेली, त्याच्या मागं असतात. बाई चांगल्या, फक्त खुर्चीच्या टोकावर बसतात, आपलं घर खराब होईल असं. २० तारखेले हॉलमध्ये बायांचा कार्यक्रम. भाषणं होतील अन् विजू-डॉली गातील.

विजूनं गारी म्हणून दाखवली. पुढची ओळ स्वतः जोडलेली.

सून आणली, हाड चघळलं, तरी भरलं नाही पोट,
दामोधर बुढा, भुकेचा हंडा, करा याच्याकडे बोट!

वकीलबाई: "फारच छान. पण नाव कोणाचं नको. तिथे 'समाज' घाला."
"समाज बुढा, भुकेचा हंडा," विजूनं म्हणून पाहिलं. डॉली हसून खड्ड्यात पडली.
मी म्हटलं, "बाई, समाज पंगतीत बसते काय? त्याले वाढाचं नाही म्हणजे कोणाच्या पत्राळीतून उचलाचं?"
बाई हसल्या. म्हणे, "मग 'सासरा' घाला. पण नाव नको, आजी. नाव घेणं हा गुन्हा होतो."
सासरा ठरला.

१३ ऑगस्ट, पंचमी
शेजारच्या माहेरवाशिणी झोक्यावर. आमच्या दारात कोणी नाही. शांतानं दिंडं केली, दुसऱ्या कोणी खाल्ली नाही. मी दोन खाल्ली. अन्नाचा काय दोष.

१६ ऑगस्ट, मंगळवार
रुखमा कासारीण आली. आठवड्याले उ.ले जाते बांगड्या घेऊन. तिथं शकुनच्या दारीही जाते.

तिनं टोपली खाली ठेवली नाही, तेव्हाच समजलं.

"काकू, तुमच्या नातीले चुडा भरता नाही आला."
"काहून?"
"डाव्या हाताचा पंजा मनगटासकट लई सुजला हाय. बांगडी चढतच नाही. मी म्हटलं तेल लावून पाहू, तर तिनं हात ओढून घेतला. सासू म्हने, दाराची फट लागली."
"तुले काय वाटते?"
"काकू, जन्म गेला माह्या हात पाहण्यात. दाराची फट बोटाले लागते. मनगटाले नाही."

शांतानं डोक्याले हात लावला. वासुदेवले सांगितलं. तो म्हणे, दिवाळीपर्यंत थांबू माय, मोटरीचं काही जमते काय पाहतो. त्याच्या डोक्यात मोटर, त्यांच्या डोक्यात मोटर. पोरीचा हात कोणाच्याच डोक्यात नाही.

विजू ऐकून उठून गेली. मधल्या खोलीत गिटार नाही वाजवली, नुसती बसली.

२० ऑगस्ट, शनिवार
जाऊन आली. पहिल्यांदा हॉल पाहिला, खुर्च्या खाली-वर होतात.

भाषणं लांब. एका बाईनं एवढे मोठे शब्द वापरले की मले झोप आली. मग या दोघी. डॉलीनं तार छेडली, भोंग्यानं शीळ घातली, पहिल्या रांगेतल्या बायांनी कान धरले. विजू पांढऱ्या पातळात. उभी राहिली अन् तोंडच उघडेना. मी म्हटलं, गेली पोरगी.

मग गायली. हळू नाही. तीच इंग्रजी बाईवाली ओरड, पण शब्द माझे. मिशीले लावून लोनी. बाया हसल्या. सगळ्यांनी मांडव पाहिलेले, सगळ्यांना गारी माहीत. कोणी पदर खोचला, कोणी मागून साथ धरली. अन् दुसऱ्या ओळीले विजूच्या तोंडातून सासरा नाही आला. दामोधर आला. दामोधर बुढा, उमरेडचा. गावाचं नावही गेलं. आवाज फाटला तिथं तिचा, कापडासारखा.

करा याच्याकडे बोट म्हटल्याबरोबर सगळ्या हॉलनं बोट केलं. रिकाम्या भिंतीकडे. मीही केलं. मी हात वर करून टाळ्या वाजवल्या, खोटं काहून लिहू. जन्मात एवढं बरं वाटलं नाही.

रिक्षात विजूले विचारलं, ठरलं काय होतं?
"आलं तोंडात, आजी. त्या गाण्यात दुसरं नाव मले येतच नाही."
खरं आहे. माझ्या तोंडून तिनं ते नावासकटच ऐकलं होतं.
डॉली खुश. वकीलबाई नाही. रिक्षाचे पैसे द्याले आल्या तेव्हा तोंड उतरलेलं.

२१ ऑगस्ट, रविवार
रात्री एक गोष्ट डोक्यात आली ती लिहून ठेवते. मांडवात दामोधर समोर बसलेला होता. काल समोर भिंत होती.

२४ ऑगस्ट, बुधवार
रुखमा सांगून गेली. हॉलात उ.च्या दोन पोरी होत्या, शिकणाऱ्या. उ.मध्ये आता पोट्टे दामोधरच्या मागं "भुकेचा हंडा" म्हणून पळून राहिले. दुकानात एकानं त्याले लोणी मागितलं म्हणे.

विजूले हसू आलं. मलेही आलं. शांता म्हणे, "तुम्ही दोघी हसा. माही पोरगी त्याच घरात झोपते."
हसू गेलं.

२५ ऑगस्ट, गुरुवार
आले. दामोधर अन् त्याचा भाऊ, अन् गल्लीतले चार जण मागून, तमाशा पाहाले. वासुदेव कामावर. मी खाटेवर, शांता दारात, विजू आत.

मी मनात तयार होती. शिव्या देईल तर दुप्पट द्याच्या. माझं तोंड मले माहीत आहे, व्याह्यालेही माहीत आहे. पण तो हसत आला. पांढरं धोतर, मिशी नीट. खाटेच्या पायथ्याशी बसला, माझ्या पाया पडला.

"आजीबाई, तुमची गारी उमरेडपर्यंत ऐकू आली."
मी पाय ओढून घेतले.
"लहान नातीनं नाव गाजवलं आमचं. गारीवर राग धराचा नाही, रीत हाय. आपन रीतीची मानसं."

भावानं पिशवीतून नारळ काढला, हिरवं लुगडं काढलं. दामोधरनं दोन्ही हातांवर घेऊन शांतापुढे धरलं. "घ्या ईहीणबाई. गारीचा नेग."

अन् शांतानं पदर पुढं केला.

मी "अवं!" म्हणेपर्यंत नारळ पदरात होता. तिनं वर डोक्यावरचा पदरही सारखा केला. जशी नेग घेणारी बाई करते तशी.

दामोधर उठला. दारातल्या लोकांकडे पाहून म्हणे, "पाह्यलं ना गा सगळ्यांनी? गारी झाली, नेग झाला. गंमत गंमतीच्या जागी. आता कोनी आमच्या घरात मारहान होते म्हनाचं नाही." मग माझ्याकडे वळून, हळूच, "मांडव उतरला, आजीबाई. आता पोरगी आमची. सणावाराले वाट नका पाहू."

चहा न घेता गेला. जाताना पुन्हा पाया पडला.

विजू बाहेर आली. आईवर ओरडली. काहून घेतलं, काहून घेतलं. शांता नारळ तसाच धरून उभी. म्हणे, "नारळ पुढं आला तर पदर पुढं होते, बाई. पदर थोडीच विचारते."

यात शांताले बोलावं असं काहीच नाही. मी असती तर मीही घेतला असता. लहानपणापासून हातच तसे घडवले.

२६ ऑगस्ट, शुक्रवार
गल्लीत एकच बोलणं. "नेग तर घेतला ना तुम्ही?" जो येते तो हेच.
नारळ मारोतीपुढं फोडला. मले वाटलं नासका निघेल. गोड निघाला.

२८ ऑगस्ट, रविवार
वकीलबाईंकडे गेलो, मी-विजू-वासुदेव. बाईंनी सगळं ऐकलं. मोठ्या कागदावर काही लिहून घेतलं नाही, पेन ठेवून दिला. म्हणे, "आजी, त्यांनी चार साक्षीदार केले. आता आपण तक्रार केली तर ते म्हणतील, लग्नातली चेष्टा होती, ह्यांनी मान घेतला."
"मग?"
"शकुननं स्वतः येऊन सांगितलं तरच. तिनं सांगायला हवं."
"तिले बाहेर येऊ दिलं तर सांगेल ना."
"म्हणून आपणच जाऊ."

वासुदेव म्हणे मले सुट्टी नाही. सुट्टी मिळाली असती, पण मी म्हटलं, राहू दे. तो तिथं जाऊन पुन्हा चहाच पिला असता.

१ सप्टेंबर, गुरुवार
उ.ले जाऊन आलो. एस.टी. खडखड. विजूनं गिटार आणली नव्हती. वकीलबाईंनी साधं लुगडं नेसलं होतं, तरी कोणीही ओळखलं असतं.

दामोधरच्या घरी खाली पॉवरलूम. रस्त्यापासूनच कानठळ्या. असा आवाज चालू असला तर घरात कोणी ओरडलं तरी बाहेर काही कळणार नाही.

ईहीण दारात. "या," म्हणाली, बाजूले सरकली नाही. मी म्हटलं, नात पाहाले आली, पाहून जाते. तिनं आत हाक मारली.

शकुन आली. बारीक झाली. दोन्ही हात पदराखाली. मी म्हटलं, "हात दाखव."
"मी बरी हाय, आजी."
"हात दाखव म्हटलं वं."

हात नाही दाखवला. वकीलबाई पुढं आल्या, हळू आवाजात, "शकुन, घाबरू नका. तुम्ही फक्त आमच्यासोबत चला." माग एवढा खडखडत होता की बाईंना ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. सासूनं पूर्ण ऐकलं.

तेव्हा शकुन बोलली. वकीलबाईंशी नाही. विजूशी.

"तू मले विचारलं होतं काय?"
विजू: "ताई, मी तुह्यासाठी..."
"विचारलं होतं काय? माह्या सासऱ्याचं नाव घेऊन तुले टाळ्या पडल्या. ते गाणं इथं पोचलं त्या दिवशी मी कुठं होती, माहीत हाय? ह्या दारात नाही. आतल्या खोलीत. कडी बाहेरून." सासू पुढं सरकली, ही थांबली नाही. "तुम्ही गाणं म्हणून घरी गेल्या. मी घरीच होती. आजी, तूही गेली होती ना? तूही वाजवल्या ना टाळ्या?"

मी हो म्हटलं.

"जा मग," म्हणाली. अन् आत गेली. स्वतः गेली. कोणी ओढून नेलं नाही. मले तेच जास्त लागलं.

मी तिले एवढं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लहानपणापासून ती हळू. विजू ओरडणारी, ती हळू. आवाज दोघींचा एकच निघाला.

एस.टी.त वकीलबाई म्हणाल्या, "रागावली हे चांगलं आहे, आजी. अजून राग शिल्लक आहे तिच्यात."
मी म्हटलं, "शिल्लक राग काय चुलीत घालाचा?"
नंतर वाईट वाटलं. त्या आल्या तरी होत्या.

४ सप्टेंबर, रविवार
विजू गात नाही. डॉली आली, बसली, गेली. गिटार घरी नेली. जाताना मले म्हणे, "आजी, आप ही कुछ गा दो ना, उसका मूड..." माझं तोंड उघडलं नाही. राटा नुसताच फिरला.

डावा गुडघाही सुरू झाला.

८ सप्टेंबर, गुरुवार
काल-परवा पोळा, मारबतीच्या पुतळ्यांचा कल्ला. गल्लीतली पोरं ओरडत गेली. सगळी पीडा गावाबाहेर नेऊन जाळली म्हणे. आमची पीडा आधीच गावाबाहेर राहते.

नळावर गेली तर बाया गारी म्हणून राहिल्या. आपलीच. मिशीले लावून लोनी. पण दामोधर नाही, प्रत्येकीनं आपापलं घातलेलं. कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून, तिनं हळूच नवऱ्याचं नाव घातलं अन् तोंडावर हात ठेवला. तिची सासू बाजूलेच, तीही हसली. मोहल्ल्यात पसरलं आहे सगळीकडे. वकीलबाई म्हणतात इतवारीतही म्हणतात, शाळेतल्या पोरीही म्हणतात.

मी घागर भरली अन् आली. पोरीचा हात अजून पदराखालीच.

१० सप्टेंबर, शनिवार. गणपती बसले
वकीलबाई आल्या. या वेळी खुर्चीत नीट बसल्या, मागं टेकून. दमल्या असतील.

म्हणतात, उ.लेच कार्यक्रम करू. बाजाराच्या दिवशी, चौकात, दामोधरच्या घरा-दुकानापुढं. नागपूरच्या वीस-पंचवीस बाया येतील. "आजी, तुम्हीच म्हणाला होतात, ज्याला द्यायची तो समोर पाहिजे."

पत्राळीची गोष्ट काढली तेव्हा म्हटलं होतं. काही म्हणाचीच सोय नाही या घरात.

विजू म्हणे मी नाही गाणार.
शांता म्हणे गाशील तर मी घर सोडून जाईन.
वासुदेव म्हणे, "माय, तू सांग."

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. पन्नास वर्षं सगळ्यांना मीच सांगितलं, उत्तर कधी शोधावं लागलं नाही. आता मले काय सांगावं हेच समजेना. गायलं तर आत कडी लागते. नाही गायलं तर कडी आहेच. नाव घेतलं तर नेग देते. नाव न घेतलं तर कोणाले म्हटलं तेच नाही समजत.

शेवटी म्हटलं, आपण कोणी ठरवाचं नाही. तिलेच विचाराचं.
वकीलबाई: "कसं विचारणार?"
"रुखमा जाते ना."

१२ सप्टेंबर, सोमवार
रुखमाले बसवून सांगितलं. सासू पाण्याले गेली की विचाराचं. शब्द असे: विजू विचारते, बाजाराच्या दिवशी चौकात गाऊ काय? तू नाही म्हटलं तर नाही. तू हो म्हटलं तर हो. दुसरं काही जोडू नको.

रुखमानं पाठ केलं. म्हणे, "काकू, काही दुसरं सांगू काय तुमच्याकडून? जेवण-खाण?"
"नको."
ती दारापर्यंत गेली. मी हाक मारून म्हटलं, सांग आजीनं टाळ्या वाजवल्या ते चुकलं. मग म्हटलं, नको सांगू. कमी शब्द बरे.

१४ सप्टेंबर, बुधवार
आज महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे नाही बसत, शेजारी बसतात. तिकडच्या लेकी आल्या. शांता दिवसभर दार लावून. विजू मधल्या खोलीत गुणगुणली, थोडं. मी ऐकलं नाही असं केलं.

१७ सप्टेंबर, शनिवार
रुखमा आली.

सगळे घरी. वासुदेवची रात्रपाळी, तोही होता. डॉलीही आलेली. रुखमा बसली, पाणी पिली. मले वाटलं गळा धरावा हिचा.

"विचारलं?"
"विचारलं. सासू नळावर होती. तुम्ही सांगितलं तसंच. विजू विचारते, बाजाराच्या दिवशी चौकात गाऊ काय."
"मग?"
"ऐकलं तिनं. हातातलं काम सोडलं नाही. मी म्हटलं, आली सासू तर, लवकर बोल. तर म्हणे..."
"काय म्हणे?"
"म्हणे, किती वाजता?"
"अन्?"
"अन् काही नाही. सासू आली."

विजू उठून उभी राहिली. "म्हणजे हो. ती दारात येणार. ती ऐकाले येणार, आजी."
शांता म्हणे, "नाही. वेळ विचारली म्हणजे त्या वेळी घरातून बाहेर पडाचं नाही, लपून बसाचं, म्हणून विचारली. माही पोरगी मले माहीत हाय."
वासुदेव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे.
डॉली: "तो टाइम क्या है?"

मी विचार करून राहिली. किती वाजता म्हणणाऱ्या बाईच्या मनात काय असते? पळून जाणारीही तेच विचारते. लपणारीही तेच विचारते. तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर समजलं असतं, अन् तोंड रुखमानं पाहिलं, मी नाही. रुखमाले विचारलं, कशी म्हणाली? हळू? मोठ्यानं?
"तांदूळ निवडून राहिली होती, काकू. वर पाह्यलंच नाही."

रुखमाले सांगितलं, अकरा सांग. तिनं दोनदा म्हटलं, अकरा, अकरा. अन् टोपली उचलून गेली.

आता अकरा तिच्याजवळ गेले. परत घेता येत नाही.

विजू म्हणे, "आजी, नाव घेऊ की सासराच म्हणू?"
"तिथं गेल्यावर पाहू. ती दारात आली तर तिच्या तोंडाकडे पाह्य अन् ठरव."
"अन् नाही आली तर?"

मी तिच्याकडे पाहिलं. "तर न गाता परत येऊ," म्हटलं, अन् राटा ओढून कांडी भराले बसली.